नोंद आणि निर्लेखन : लिनक्सवरील पॅकेजांचा इतिहास



संगणकाविषयीं चर्चा निघाली म्हणजे नवीन काय आलें, हाच प्रश्न बहुधा पुढें येतो. आलेलें काढून कसें टाकावें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आजच्या भाषणांत मी या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढें मांडणार आहें. लिनक्स या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीवर एखादें सॉफ्टवेअर आहे किंवा नाहीं हें शोधावें कसें, आणि नको झालें असतां तें समूळ काढावें कसें, ही विद्या कोणीं, केव्हां आणि कोणत्या अडचणींतून निर्माण केली, तें आपणांस पाहावयाचें आहे.

विषय यंत्राचा खरा. परंतु त्याचें मर्म हिशेबनिसाच्या वहींत आहे. शाळेशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांना डेडस्टॉक रजिस्टर ठाऊक असेल. शाळेंतील प्रत्येक बाक, प्रत्येक नकाशा आणि प्रत्येक घंटा त्यांत क्रमांकानिशीं लिहिलेली असते. बाक मोडलें म्हणून तें कोणी परस्पर फेकून देऊं शकत नाहीं. आधीं त्याचें रीतसर निर्लेखन व्हावें लागतें. या रीतीची थट्टा पुष्कळ होते. परंतु रजिस्टरच नसेल तर काय होतें, हें लिनक्सच्या पहिल्या दोन वर्षांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

लिनक्सचें मूळ युनिक्समध्यें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्सचा पाया घातला. युनिक्सची चाल अशी कीं, तींत एका प्रोग्रॅमाचे सर्व अवयव एका जागीं राहत नाहींत. प्रत्यक्ष चालणारा भाग एका फोल्डरांत. इतर प्रोग्रॅमांशीं वाटून घ्यावयाचे भाग, ज्यांना लायब्ररी म्हणतात, ते दुसऱ्यांत. माहितीचीं पानें तिसऱ्यांत. आणि मालकानें ठरविलेल्या आवडीनिवडी, म्हणजे सेटिंग्ज, चौथ्यांत. ही मांडणी एकत्र कुटुंबाच्या वाड्यासारखी आहे. तेथें प्रत्येक जावेची वेगळी चूल नसते. सर्वांचीं भांडीं एका मांडणीवर, सर्वांचें धान्य एका कोठारांत आणि सर्वांचीं अंथरुणें एका माळ्यावर असतात. त्यामुळें जागा वाचते, आणि एकच पातेलें दहा जणांच्या कामीं येतें. परंतु त्यांतील एक भाऊ वेगळा निघावयाचें ठरलें म्हणजे कोणतें भांडें कोणाचें, हा प्रश्न उभा राहतो.

सप्टेंबर १९८३ मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखी, परंतु सर्वांना मोकळेपणानें वापरतां, अभ्यासतां आणि बदलतां येईल अशी प्रणाली उभारावी, हा त्यांचा संकल्प होता. १९९१ पर्यंत तिचे पुष्कळसे अवयव तयार झाले. परंतु ज्याला कर्नेल म्हणतात तो गाभा मात्र पुरा झाला नव्हता. ही उणीव हेलसिंकी विद्यापीठांतील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें भरून काढली. आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहों, असें त्यानें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें, आणि पुढच्याच महिन्यांत त्याच्या गाभ्याची पहिली आवृत्ति बाहेर पडली.

गाभा मिळाला, अवयवही मिळाले. परंतु ते जोडून देणारा कोणी नव्हता. प्रत्येक प्रोग्रॅम मूळ लिखित स्वरूपांत, टार नांवाच्या गठ्ठ्यांत बांधलेला मिळे. टार ही युनिक्समधील जुनी युक्ति. चुंबकीय फितीवर अनेक फाईली एकत्र साठविण्यासाठीं ती निघाली होती. हौशी माणूस गठ्ठा सोडी, आपल्या यंत्रावर त्याचें चालतें रूप तयार करी, आणि 'मेक इन्स्टॉल' अशी आज्ञा देई. ती आज्ञा साऱ्या फाईली वाड्याच्या चार कोपऱ्यांत नेऊन ठेवी, आणि तेथेंच तिचें काम संपे. काय ठेवलें, कोठें ठेवलें, पूर्वींच्या कोणत्या फाईलीवर नवी फाईल घातली, याची नोंद मागें राहत नसे. काढण्याची उलट आज्ञा लेखकानें आठवणीनें लिहिली असली तरच मिळे. आणि आपला प्रोग्रॅम लोकांनीं वापरावा अशी ज्याची इच्छा, तो घालवून देण्याची सोय अगत्यानें कशाला लिहील? परिणामीं जुन्या आवृत्तीचे अवशेष नव्या आवृत्तीच्या पायांत येत. सगळें पुसून पुन्हां श्रीगणेशा करणें हाच मग कित्येकांना सोपा मार्ग वाटे.

ही जोडणी एकानें करून तयार संचाच्या रूपानें इतरांना द्यावी, ही कल्पना १९९२ मध्यें पुढें आली. अशा संचाला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. आपण वितरण म्हणूं. इंग्लंडमधील मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरनें त्या वर्षाच्या फेब्रुवारींत असा एक संच काढला. त्याच वर्षीं पीटर मॅकडोनल्ड यांचें सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टिम, संक्षेपानें एसएलएस, हें वितरण निघालें. तें लोकप्रिय झालें, परंतु त्यांत दोषही पुष्कळ होते. एका अर्थीं या दोषांचे उपकारच मानले पाहिजेत; कारण त्यांना कंटाळून दोन तरुणांनीं दोन निराळे मार्ग काढले.

पहिले पॅट्रिक व्होल्करडिंग. मिनेसोटा राज्यांतील मूरहेड येथें शिकत असतांना त्यांनीं एसएलएसमधील चुका दुरुस्त केल्या, आणि १७ जुलै १९९३ रोजीं स्लॅकवेअर हें वितरण प्रसिद्ध केलें. स्लॅकवेअरची नोंदवही अगदीं साधी आहे. प्रत्येक पॅकेजाच्या नांवाची एक फाईल, आणि तींत त्या पॅकेजानें आणलेल्या सर्व फाईलींची यादी. पॅकेज काढावयाचें झालें म्हणजे 'रिमूव्ह-पीकेजी' ही आज्ञा ती यादी वाचते आणि तींतील फाईली काढून टाकते. एखादी फाईल दुसऱ्या पॅकेजाच्या यादींतही असेल, तर तिला मात्र हात लावीत नाहीं. शिवाय काढलेल्या पॅकेजाची यादी फेकून न देतां ती निराळ्या फोल्डरांत जपून ठेवते. उपाय साधा; परंतु अर्धा प्रश्न त्यानेंच सुटला. उरलेला अर्धा स्लॅकवेअरनें मुद्दाम आपल्याकडे घेतला नाहीं. अमुक काढलें तर तमुक बंद पडेल, ही चिंता मालकानें वाहावी, अशी त्याची भूमिका तेव्हां होती आणि आजही आहे.

दुसरे इयन मर्डॉक. इंडियाना राज्यांतील पर्ड्यू विद्यापीठाचे हे विद्यार्थी त्या वेळीं विशींत होते. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं, म्हणजे स्लॅकवेअरनंतर सुमारें एका महिन्यानें, त्यांनीं डेबियनची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचें आणि स्वतःचें अशीं दोन नांवें जोडून त्यांनीं हा शब्द बनविला. वितरण एकट्यानें न सांभाळतां पुष्कळांनीं मिळून उघडपणें सांभाळावें, हा त्यांचा विचार होता. परंतु पुष्कळांनीं मिळून काम करावयाचें, तर प्रत्येकाच्या पुडक्याची बांधणी एकाच नियमानें झाली पाहिजे. या गरजेंतून १९९४ मध्यें डीपीकेजी हें साधन जन्मास आलें. त्याचें पहिलें रूप मर्डॉक यांनीं लिहिलें, आणि त्याच वर्षीं इयन जॅक्सन यांनीं त्याचा मुख्य भाग सी भाषेंत नव्यानें लिहून काढला. आपल्याकडे सी-डॅक या पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सरकारी संस्थेनें २००७ सालीं बॉस लिनक्स हें भारतीय वितरण प्रसिद्ध केलें. तेंही डेबियनच्याच पायावर उभें असल्यामुळें हीच नोंदवही आपल्या देशांतही आली.

तिसरी शाखा व्यापाराची. मार्क युइंग यांनीं १९९४ मध्यें रेड हॅट हें वितरण काढलें, आणि बॉब यंग यांच्याशीं त्यांची सांगड पडून कंपनी उभी राहिली. एरिक ट्रोअन आणि युइंग यांनीं आरपीएम हें साधन रचलें. १९९५ मध्यें रेड हॅटच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर तें लोकांच्या हातीं आलें. डीपीकेजीची नोंद साध्या मजकुराच्या फाईलींत असते. आरपीएमनें ती डेटाबेसांत ठेविली. पद्धति दोन, परंतु तत्त्व एकच : नोंद केल्यावांचून आंत घ्यावयाचें नाहीं.

आतां हें पॅकेज म्हणजे काय, तें थोडें उघडून पाहूं. त्यांत तीन गोष्टी असतात. पहिली, यंत्रावर ठेवावयाच्या प्रत्यक्ष फाईली. दुसरी, एक ओळखपत्र : नांव, आवृत्ति, सांभाळणाऱ्याचें नांव, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे हें पॅकेज कोणकोणत्या इतर पॅकेजांवर अवलंबून आहे त्याची यादी. तिसरी गोष्ट म्हणजे ठेवण्यापूर्वीं व ठेवल्यानंतर, तसेंच काढण्यापूर्वीं व काढल्यानंतर काय करावें, याच्या छोट्या सूचना. येतांनाच जाण्याचा विधि बरोबर घेऊन यावयाचें, अशी ही योजना आहे. मेक इन्स्टॉलच्या काळीं जी सोय लेखकाच्या मर्जीवर होती, ती येथें पॅकेजाच्या बांधणींतच ठरून गेली.

आणि काढण्याच्या आधीं शोधणें येतें. लग्नघरीं दहा ठिकाणांहून भांडीं उसनीं आणलेलीं असतात. कार्य उरकल्यावर तीं ज्याचीं त्याला परत जातात, तीं यजमानाच्या स्मरणशक्तीमुळें नव्हे, तर प्रत्येक भांड्यावर कोरलेल्या नांवामुळें. पॅकेजांची नोंदवही हेंच काम करते. तिला तीन प्रश्न विचारतां येतात. घरांत एकंदर काय काय आहे? अमुक पॅकेजानें कोणकोणत्या फाईली आणल्या? आणि ही समोर दिसणारी फाईल कोणाची? डेबियनमध्यें डीपीकेजीला लहान 'एल' हें अक्षर जोडलें म्हणजे पहिल्या प्रश्नाचें, मोठा 'एल' जोडला म्हणजे दुसऱ्याचें आणि मोठा 'एस' जोडला म्हणजे तिसऱ्याचें उत्तर मिळतें. आरपीएममध्यें हेच प्रश्न 'क्यूए', 'क्यूएल' आणि 'क्यूएफ' या अक्षरांनीं विचारतात. यांतील तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी; कारण पडद्यावर दिसणारें प्रोग्रॅमाचें नांव आणि नोंदवहींतील पॅकेजाचें नांव हीं पुष्कळदां एक नसतात. नांवावरून शोधणारा चुकतो. वस्तूवरून शोधणारा बरोबर मालकापाशीं पोहोंचतो.

नोंद झाली, शोध सोपा झाला. परंतु आणखी एक संकट पुढें उभें होतें, आणि तें नात्यांचें. १९९६ मध्यें डेबियनची १.१ ही आवृत्ति निघाली, तेव्हां तींत ४७४ पॅकेजें होतीं. प्रत्येकाला दुसऱ्या कोणाची तरी गरज. एक पॅकेज घालावयास जावें, तों साधन सांगे कीं अमुक लायब्ररी नाहीं. ती शोधून आणावी, तर तिला आणखी दोन हव्यात, आणि त्यांतील एकीचें घरांत आधींच असलेल्या आवृत्तीशीं वांकडें! डीपीकेजी काय किंवा आरपीएम काय, उणीव कोठें आहे तें सांगत; ती भरून काढणें मालकाच्या माथीं येई. त्या काळच्या लोकांनीं या अवस्थेला 'डिपेंडन्सी हेल', म्हणजे अवलंबनाचा नरक, असें नांव दिलें होतें.

यांतून सुटका करणारें साधन प्रथम डेबियनमध्यें निघालें. त्या प्रकल्पाचें मूळ नांव 'डीटी', म्हणजे देवता, असें होतें. तें कांहीं लोकांच्या धर्मभावनेला रुचणार नाहीं म्हणून बदललें, आणि साधन एपीटी या नांवानें पुढें आलें. त्याची पहिली आवृत्ति १९९८ ची. मार्च १९९९ मधील डेबियन २.१ बरोबर तें सर्वांच्या हातीं पडलें. एपीटी स्वतः फाईलींना हात लावीत नाहीं. तें काम डीपीकेजीचेंच. दूरच्या भांडाराची यादी वाचणें, कोणाला कोण हवें याचा हिशेब करणें, सर्व नातलगांना योग्य क्रमानें बोलावून आणणें, ही कारभाऱ्याची कामें एपीटी करतें. आरपीएमच्या घराण्यांत अशीच व्यवस्था अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत रचलेल्या 'यम' या साधनानें लावली. हें नांव आपल्या कानांना दचकविणारें आहे खरें. परंतु हा यम नेण्यापेक्षां आणण्याचेंच काम अधिक करी. फेडोरा वितरणांत २०१५ पासून त्याची जागा डीएनएफ या साधनानें घेतली.

आणण्याची सोय झाली, तसें काढण्याचें शास्त्रही सूक्ष्म होत गेलें. डेबियनमध्यें काढण्याच्या दोन पायऱ्या आहेत. 'रिमूव्ह' म्हटलें म्हणजे पॅकेज जातें, परंतु मालकाच्या हातच्या सेटिंग्ज मागें राहतात. 'पर्ज' म्हटलें म्हणजे त्याही पुसल्या जातात. पहिल्या प्रकारानें गेलेलें पॅकेज यादींत 'आरसी' या दोन अक्षरांनीं दिसतें : काढलें आहे, परंतु सेटिंग्ज शिल्लक आहेत. हा भेद विचारपूर्वक केलेला आहे. भाडेकरू गेला म्हणून त्यानें भिंतीवर लिहून ठेवलेले हिशेबही तात्काळ पुसावेत असें नाहीं. तो उद्यां परत येईल. आरपीएम दुसऱ्या रीतीनें हेंच साधतें. मालकानें बदललेली सेटिंगची फाईल असेल, तर काढतेवेळीं ती 'आरपीएमसेव्ह' असें शेपूट लावून बाजूला ठेवण्याची व्यवस्था त्यांत आहे. घरांतील माणसानें स्वतः लिहिलेल्या कागदपत्रांना, चित्रांना, पत्रांना मात्र दोहोंपैकीं कोणतेंही साधन हात लावीत नाहीं; कारण तीं पॅकेजानें आणलेलीं नसतात.

दुसरा सूक्ष्म प्रश्न पोरक्यांचा. एका पॅकेजासाठीं म्हणून दहा लायब्ऱ्या आल्या. पॅकेज गेलें, लायब्ऱ्या मागें राहिल्या. त्यांना कोणी बोलाविलें होतें, हेंच कोणाला स्मरत नाहीं. यावर उपाय म्हणून नोंदवहींत आणखी एक रकाना वाढविण्यांत आला : हें पॅकेज मालकानें स्वतः मागितलें, कीं दुसऱ्याच्या गरजेपोटीं आपोआप आलें? आपोआप आलेल्यांपैकीं ज्यांची आतां कोणालाच गरज नाहीं, त्यांना 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा निरोप देते. ही सोय उत्तम. परंतु तींत एक खांच आहे. कांहीं पॅकेजें आंतून रिकामीं असतात, त्यांत केवळ इतरांची यादी असते. असें एखादें पॅकेज निरुपयोगी समजून काढलें, तर त्याच्या आधारानें आलेला सगळा परिवार पोरका ठरतो, आणि पुढच्याच आज्ञेसरशीं बाहेर पडतो. म्हणून 'होय' म्हणण्यापूर्वीं काय काय जाणार याची यादी वाचावी, हा या विद्येंतील पहिला धडा होय. प्रत्यक्ष कांहीं न काढतां नुसती यादी दाखविण्याची सोयही 'एपीटी-गेट'मध्यें आहे. आज्ञेंत लहान 'एस' हें अक्षर घातलें म्हणजे झालें.

हा धडा न वाचणाऱ्याचें काय होतें, त्याचें उदाहरण नोव्हेंबर २०२१ मध्यें लक्षावधि लोकांनीं पाहिलें. लायनस सेबॅस्टियन हे कॅनडांतील एक प्रसिद्ध व्हिडिओकार. लिनक्सच्या जनकाशीं त्यांचें साम्य नांवापुरतेंच. पॉप ओएस या वितरणावर ते खेळांचें स्टीम हें पॅकेज घालूं लागले. त्या दिवसांत भांडारांतील कांहीं आवृत्त्यांचा परस्परांशीं मेळ बसत नव्हता. एपीटीनें हिशेब केला, आणि स्टीम आणावयाचें तर पडद्यावरचें सगळें दृश्य घडविणारीं पॅकेजेंच काढावीं लागतील, असा तोडगा काढला. अत्यावश्यक वस्तु जात आहेत असा इशाराही दिला, आणि खात्री म्हणून 'होय, मी सांगतों तसें कर' या अर्थाचें इंग्रजी वाक्य टंकलिखित करावयास सांगितलें. सेबॅस्टियन यांनीं तें केलें. पडदा गेला, उरली ती नुसती अक्षरांची ओळ.

या प्रसंगावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, इशारा वाचला नाहीं तर दोष वाचणाराचा. दुसरा म्हणे, जें साधन खेळ मागणाऱ्याच्या घराचें छप्पर उतरवून देतें, त्याच्या शहाणपणाला काय म्हणावें? डेबियनच्या मंडळींनीं वाद घालीत बसण्यापेक्षां दुरुस्ती केली. अत्यावश्यक पॅकेजें काढणारा तोडगा एपीटीनें यापुढें आपण होऊन सुचवूं नये, आणि केवळ एक वाक्य लिहिल्यानें तीं जाऊं नयेत, असा बदल त्याच वर्षाअखेर झाला. मालकाचा अधिकार काढून घेतला नाहीं. आज्ञेंतच निराळा शब्द मुद्दाम घातला तर तीं आजही काढतां येतात. माझ्या मतें हा न्याय योग्य आहे.

येथें कोणी विचारील, कीं यंत्राला एवढा साधा हिशेब चुकावा कसा? परंतु हा हिशेब साधा नाहीं. अमुक पॅकेजें एकत्र नांदूं शकतील अशी निवड आहे कीं नाहीं, हा प्रश्न गणिताच्या दृष्टीनें अत्यंत अवघड अशा वर्गांत मोडतो, असें युरोपांतील एडॉस या प्रकल्पाच्या अभ्यासकांनीं २००६ मध्यें दाखवून दिलें. व्यवहारांत उत्तर बहुधा चटकन मिळतें. परंतु तें प्रत्येक वेळीं मिळेलच असें वचन कोणालाच देतां येत नाहीं. उत्रेख्त विद्यापीठांतील ईल्को डोल्स्ट्रा यांनीं निक्स या साधनांत हा गुंता निराळ्या रीतीनें सोडविला. सामाईक वाडाच नको. प्रत्येक पॅकेजाला आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र खोली द्यावी, आणि ज्या खोलीकडे कोणीच जात नाहीं ती मागाहून झाडून काढावी. जागा अधिक लागते, परंतु तंटा राहत नाहीं.

आतां या सर्वांतून काय निष्पन्न झालें, तें दोन अलीकडच्या घटनांवरून सांगतों. कारण येथें प्रश्न केवळ सोयीचा राहत नाहीं, सुरक्षिततेचा होतो. डिसेंबर २०२१ मध्यें लॉगफोरजे या जावा भाषेंतील लायब्ररींत मोठें भगदाड असल्याचें जाहीर झालें. त्यांतून परका माणूस दुरून यंत्रावर ताबा मिळवूं शकत होता. दुरुस्त आवृत्ति तत्परतेनें निघाली. परंतु जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांना पडलेला प्रश्न निराळाच होता. ही लायब्ररी आपल्या घरांत आहे कोठें? बरेच ठिकाणीं ती पॅकेज म्हणून आलेलीच नव्हती. दुसऱ्या प्रोग्रॅमाच्या पोटांत, गठ्ठ्यांतल्या गठ्ठ्यांत बांधून ती आंत आली होती, आणि तिचें नांव नोंदवहींत नव्हतें. त्यामुळें एका ओळीच्या आज्ञेनें होणाऱ्या कामाला घराची झडती घ्यावी लागली.

दुसरी घटना २९ मार्च २०२४ ची. अँड्रेस फ्रॉइंड या संगणक-तज्ज्ञांच्या लक्षांत आलें कीं, आपल्या डेबियन यंत्रावर दुरून प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो. त्याचा माग काढीत ते एक्सझेड या, फाईली आटोपशीर करणाऱ्या, साधनापर्यंत पोहोंचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्तींत कोणी तरी कपटानें चोरवाट ठेविली होती. विशेष असें कीं, दूरप्रवेशाच्या मूळ प्रोग्रॅमाला एक्सझेडची गरजच नव्हती. कांहीं वितरणांनीं त्याला मध्यें आणखी एक लायब्ररी जोडली होती, तिला एक्सझेड लागे, आणि या नात्याच्या नात्यांतून चोर घरांत शिरला. परंतु येथें नोंदवही शाबूत होती. माझ्याकडे एक्सझेड आहे काय, आणि कोणत्या आवृत्तीचें, हें एका आज्ञेनें कळत होतें. डेबियनची स्थिर आवृत्ति यांतून सुटली होती; जेथें दूषित आवृत्ति पोहोंचली होती तेथें ती मागें घेण्यांत आली, आणि लोकांनीं आपापल्या घरांतून ती काढली. एकीकडे भगदाड अनवधानाचें आणि दुसरीकडे कपटाचें. तरी शोध एकीकडे कठीण आणि दुसरीकडे सोपा झाला, तो नोंदीच्या फरकामुळें.

या दृष्टीनें आजची स्थिति संमिश्र आहे. २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ मध्यें जवळजवळ ७० हजार पॅकेजें आहेत, आणि त्या सर्वांची नोंद एका रीतीनें होते. परंतु त्याच यंत्रावर स्नॅप आणि फ्लॅटपॅक यांसारख्या नव्या पद्धतींचीं पुडकीं येतात. तीं आपल्या बऱ्याचशा लायब्ऱ्या आपल्याबरोबर आणतात, आणि त्यांच्या वह्या निराळ्या असतात. एपीटीला विचारावें तर तें नाहीं म्हणतें, आणि प्रोग्रॅम तर समोर चालतांना दिसतो! अशा वेळीं साधनाला खोटें ठरवूं नये. दुसरी वही उघडावी. 'स्नॅप लिस्ट', 'फ्लॅटपॅक लिस्ट' या आज्ञा त्यासाठींच आहेत. आणि ज्या वहींत ज्याची नोंद, त्याच वहीच्या साधनानें तें काढावें. परस्पर फाईली पुसणारा मनुष्य वस्तु काढतो, परंतु नोंद तशीच ठेवतो. आणि खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षांही वाईट, कारण तिच्यावर विसंबून पुढचे सगळे हिशेब होत असतात.

मर्डॉक यांचें डिसेंबर २०१५ मध्यें, अकालीं निधन झालें. लिनक्सनें उद्योगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी पॅकेज-व्यवस्था हीच, असें मत त्यांनीं २००७ मध्यें मांडलें होतें. आरंभीं हें मत अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु आपल्या बँका, रुग्णालयें, आगगाड्यांचीं आरक्षणें आणि कचेऱ्या ज्या यंत्रांवर चालतात, त्यांच्या पोटांत काय आहे हें त्यांच्या मालकाला सांगतां येतें कीं नाहीं, याचा विचार केला म्हणजे त्याचें वजन कळूं लागतें. ज्याला आपल्या घरांत काय आहे तें सांगतां येत नाहीं, त्याला नको तें बाहेरही काढतां येत नाहीं; आणि ज्याला नको तें काढतां येत नाहीं, तो त्या घराचा नांवाचाच मालक. डेडस्टॉक रजिस्टरावर हंसणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, इतकी विनंती करून मी आपला निरोप घेतों.